वडसा ते सिरोंचा, भरलेली पिकअप : आलापल्लीवरून की मंचेरियालवरून?

वडसेकर :
ऑगस्टमध्ये वडशावरून सिरोंच्याला सबमर्सिबल पंप आणि एचडीपीई पाईपचे बंडल पोचवायचे आहेत. माल १२०० किलो, गाडी पिकअप. सरळ रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी : आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी. पावसात हाच धरावा की तेलंगणातून जावं?

जंगलपट्टी :
भाऊ, अंतर पाहू नका, पाणी पाहा. गडचिरोलीपर्यंत अडवतात त्या पाल आणि कठाणी नद्या. आपल्याकडे पाऊस नसला तरी गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते, मग या नद्यांचं पाणी तिच्यात उतरत नाही, मागं दाबतं आणि रस्त्यावर येतं. आदल्या रात्री धरणाचा विसर्ग आणि जिल्हा प्रशासनाची बंद रस्त्यांची यादी, दोन्ही बघूनच माल भरा.

आष्टी-आलापल्ली पट्ट्यात सुरजागड खाणीच्या लोहखनिजाचे ट्रक चालतात. समोरून ट्रक आला म्हणून साईडपट्टीवर उतरू नका. ओला मुरूम लोडखाली दबतो, डावं मागचं चाक रुततं आणि गाडी कलते. डांबरावरच थांबून त्याला जाऊ द्या.

आलापल्लीत टाकी फुल करा. पुढं सिरोंचापर्यंत सुमारे १०० किमी जंगल, मधे मोबाईलची रेंज जाते. दुपारी दोननंतर आलापल्ली सोडूच नका. स्टेपनीत हवा आहे का ते बघा आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी घ्या. फळी नसली तर जॅक चिखलात जातो, गाडी जागची हलत नाही.

राजुराकर :
मी तर भर पावसात तेलंगणाच म्हणेन. ब्रह्मपुरी, मूल, चंद्रपूर, राजुरा, आसिफाबाद, मंचेरियाल, चेन्नूर, मग प्राणहितेच्या पुलावरून थेट सिरोंचा. लांब पडतं, टोल लागतो, पण मंचेरियालपर्यंत रस्ता रुंद आणि मेकॅनिक कुठंही सापडतो. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) गाडी-मालाचं मिळून एकूण वजन ३००० किलोच्या वर असेल तर तेलंगणात चालणारं परमिट आधी काढा. आणि १२०० किलो पासिंगमध्ये, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या मालाच्या वजनात, बसतात का तेही बघा, काही पिकअपची मंजुरी त्याहून कमी असते.

जंगलपट्टी :
पूर आला तर राजुराकरांचं बरोबर, सिरोंचाच्या मालाला. पण वाटेत आलापल्ली, अहेरीत माल उतरवायचा असेल तर तो फेरा कामाचा नाही.

वडसेकर :
अर्धे पंप आलापल्लीतच उतरायचे आहेत, हे लिहायचं राहिलं. मग ३५३ सीच. ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) एका दिवसाचं चालेल?

राजुराकर :
नाही. दर २०० किमीला एक दिवस मिळतो. वडसा-सिरोंचा त्याच्यापुढे जातं, म्हणजे दोन दिवस. पुरात अडकलात तर मुदत संपायच्या ८ तास आधी किंवा नंतरच्या ८ तासांत वाढवून घेता येते. पण रेपनपल्लीच्या पुढं रेंजचा भरवसा नाही. अडकणार असं वाटलं की आलापल्लीतूनच वडशाला फोन करून वाढवायला सांगा.