दहावीच्या गणिताची उजळणी: पालकांनी शेजारी बसावं की नंतर वही पाहावी?

काटकोन
राज्य मंडळाची दहावी धरून लिहितोय. भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. परीक्षेआधीच्या आठ आठवड्यांत आईवडिलांनी गणित शिकवायला बसूच नये, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघताना मुलाला सगळं कळतं, पण कोऱ्या कागदावर पहिली ओळच सुचत नाही.

पालकांचं काम वेगळं आहे. रोज ४० मिनिटं, पुस्तक मिटून पाच गणितं: दोन आजच्या प्रकरणातली, दोन गेल्या आठवड्यातली, एक महिन्यापूर्वीचं. मग पालकांनी वही घ्यायची आणि चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली ते शोधायचं. उदाहरणार्थ २क्ष² − ५क्ष − ३ = ०. इथे ए = २, बी = −५, सी = −३, म्हणून वर्गसमीकरणाच्या सूत्रातलं बी वर्ग वजा चार एसी म्हणजे २५ + २४ = ४९, आणि उत्तरं ३ व −१/२. पण सी ऋण आहे हे विसरून मुलं २५ − २४ = १ लिहितात आणि ३/२ व १ अशी देखणी, चुकीची उत्तरं काढतात. पालकांना सूत्र येत नसलं तरी क्षच्या जागी १ ठेवता येतो: २ − ५ − ३ = −६, शून्य नाही. चूक सापडली.

ही चूक चूकवहीत जाते. तीन रकाने: गणित, चुकलेली ओळ, पुन्हा सोडवायची तारीख. पहिली तारीख तीन दिवसांनी, दुसरी दहा दिवसांनी. दोन्ही वेळा बरोबर आलं तरच काट मारायची.

खडूफळा
काटकोन, चूकवही चांगलीच, पण तुम्ही हुशार मूल डोळ्यासमोर धरलंय. ज्याला अपूर्णांकांची बेरीज आणि कंस सोडवताना चिन्ह बदलणं अजून जमत नाही, त्याची चूकवही आठवड्यात भरते आणि मूल ती उघडायचं बंद करतं.

वहीत चूक दिसते, अडखळणं दिसत नाही. त्यासाठी शेजारीच बसावं लागतं. समरूपतेतलं नेहमीचं गणित घ्या. त्रिकोण एबीसीमध्ये कोन बी काटकोन, बीडी हा एसीवर लंब. मुलं बिनधास्त लिहितात, त्रिकोण एबीसी ~ त्रिकोण एबीडी. मग एबी भागिले एबी म्हणजे १ येतं, सगळ्या बाजू समान ठरतात आणि मूल गोंधळून गणित सोडून देतं. वहीत फक्त अर्धवट गणित राहतं. शेजारी बसलेल्या आईने एवढंच विचारावं, “काटकोन कुठल्या अक्षरापाशी? पलीकडच्या त्रिकोणात कुठल्या?” बी समोर डी, ए समोर ए, मग उरलेल्या सी समोर बी. म्हणजे एबीसी ~ एडीबी. पुढे एबी वर्ग = एडी × एसी आपोआप मिळतं. हे शिकवणं नाही, पण नुसती वही तपासणंही नाही.

आणि पहिल्या दिवसापासून मिश्र गणितं नकोत. कच्च्या मुलाची पाचही चुकली की सहावं तो हातात घेत नाही. आधी एकाच प्रकारची आठ-दहा होऊ द्या.

काटकोन
आठ-दहा नको, चार पुरेत. एकाच प्रकारची सलग सोडवताना कुठलं सूत्र लावायचं हे मुलाला आधीच माहीत असतं. परीक्षेत खरी अडचण तीच. झाडाची सावली दिली की काही मुलं पायथागोरसकडे धावतात, दिलेल्या उन्नत कोनाकडे (वर बघताना नजरेने आडव्या रेषेशी केलेल्या कोनाकडे) बघतच नाहीत. निवड करायची सवय मिसळलेल्या गणितांनीच लागते.

रात्रपाळी
तुम्ही दोघंही पालकांना वेळ आणि थोडंफार गणित आहे असं गृहीत धरताय. आठवी शिकलेल्या, रात्री नऊला घरी येणाऱ्या बापाने काय करायचं? ते सांगतो.

पाठ्यपुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची आहे, ती बापाकडे ठेवायची. ‘कृती पूर्ण करा’ हे प्रश्न गाइडमध्ये भरलेल्या चौकटींसह छापलेले असतात. मूल ते वाचून पुढे जातं आणि परीक्षेत रिकामी चौकट दिसली की थांबतं. चौकटींवर कागदाची पट्टी ठेवून एकेक विचारायला गणित यावं लागत नाही. या कृतींचे प्रत्येक भागात सात गुण आहेत: दुसऱ्या प्रश्नात चार, तिसऱ्यात तीन.

दुसरं काम घड्याळाचं. पाच प्रश्नांना गुण ८, १२, ९, ८, ३. मिनिटं साधारण १२, ३५, ३०, २८, ८ आणि शेवटची सात तपासायला. ‘कोणतेही चार’ असताना पाचही सोडवणारी मुलं शेवटच्या प्रश्नाला पोचत नाहीत. असा प्रश्न आला की बापाने ‘किती सोडवायचेत?’ एवढं विचारायचं.

एक काळजी मात्र घ्या. ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात दुकानदार पालक उत्साहाने जीएसटीचा दर दुरुस्त करतात, कारण २०२५च्या सप्टेंबरात १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंवरून गेले. गणितात दिलाय तोच दर धरायचा. १२ टक्के असेल तर केंद्राचा ६, राज्याचा ६.

खडूफळा
पट्टीची युक्ती फार उपयोगी. घड्याळ मात्र शेवटच्या तीन आठवड्यांतच लावा. अर्धं प्रकरण कच्चं असताना दोन तासांचा पेपर लावला की मूल येतं तेवढंच पुन्हा सोडवतं आणि कच्चं कच्चंच राहतं.

भूमितीत आणखी एक. प्रमेय पाठ करून घेताना पक्ष, साध्य, रचना, सिद्धता एवढं ऐकून पालक खूश होतात. प्रत्येक विधानापुढचं कारण विचारा, गुण तिथेच कापले जातात. आणि कंपासचा स्क्रू घट्ट आहे का पाहा. ढिला असला की कंस सरकतात आणि स्पर्शिका वर्तुळाला छेदून जाते. काढलेले कंसही पुसू देऊ नका.

वऱ्हाडी
रात्री साडेदहाला लेकराला प्रमेय विचारू नका हो. सकाळी शाळेआधीची २० मिनिटं पुरतात.

काटकोन
शेजारी बसणं प्रत्येक नव्या प्रकरणाचे पहिले दोन दिवस मान्य. पण पालकांच्या हातात पेन नको. त्यांनी एक ओळ लिहिली की पुढच्या प्रत्येक ओळीला मूल त्यांच्या तोंडाकडे बघतं.

खडूफळा
पेनाचं मान्य. दोन दिवस मान्य नाहीत. समरूपता आणि वर्तुळ या दोन प्रकरणांना तरी आठवडाभर बसा. संभाव्यतेला हवं तर अजिबात बसू नका, तिथे नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींची यादी, पूर्ण लिहिलाय का एवढंच नंतर वहीत पाहा.