पूलनिधी: यंदाचे तिघं आणि जुनाच वाद

प्रेषक: खजिनदार
विषय: पूलनिधी, यंदाचे विद्यार्थी

मंडळी, नमस्कार.

पूलनिधीचे तीन चेक गेल्या आठवड्यात पोचते झाले. दोघं अर्बाना-शॅम्पेनला इलिनॉय विद्यापीठात आहेत, एक इथेच शिकागोत आयआयटीला (पवईची नव्हे, स्टेट स्ट्रीटवरची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी). तिघंही स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं एम.एस. करतायत. प्रत्येकी दीड हजार डॉलर. यात या देशात काय होतं ते मला विचारू नका, घरभाडं मीही भरतो.

नव्या सभासदांसाठी: हा निधी आपल्या मराठी मंडळाच्या एका दिवंगत सभासदांच्या पत्नीने दिला. त्या सभासदांची सगळी नोकरी पुलांची तपासणी करण्यात गेली, म्हणून अट एकच, पैसे स्ट्रक्चरलच्या मुलांना द्यायचे. सर्वसाधारण सभेत दोन सूचना आल्या होत्या. अट सैल करून कॉम्प्युटरच्या मुलांनाही घ्यावं, आणि दान न देता बिनव्याजी कर्ज द्यावं, म्हणजे पैसा फिरता राहील. मतं इथेच लिहा. गणपतीच्या हॉलचा विषय कृपया इथे आणू नका, हात जोडतो.

---

प्रेषक: शॉमबर्गचे एक सभासद
विषय: उत्तर: पूलनिधी, यंदाचे विद्यार्थी

माझं मत कर्जाला. टाटांची जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे आणि ती पहिल्यापासून कर्जाऊ शिष्यवृत्तीच देते. घेतलेले पैसे परत आले की पुढच्याला मिळतात. आपल्यातही ते कर्ज घेऊन आलेले लोक आहेत आणि फेडल्याचं अभिमानाने सांगतात. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही.

दुसरं, सयाजीरावांनी बाबासाहेबांना १९१३ मध्ये कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, आणि परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची असा करार लिहून घेऊन. आपण निदान दोन वर्षं मंडळाचं काम करण्याची अट घालू शकतो.

---

प्रेषक: ओक पार्कची एक सभासद
विषय: उत्तर: उत्तर: पूलनिधी, यंदाचे विद्यार्थी

करार लिहून घेतला हे खरं. पण तो पुरा का झाला नाही तेही सांगा ना. बाबासाहेब बडोद्याला रुजू झाले, आणि त्या शहरात त्यांना कोणी राहायला जागा दिली नाही. अटींची उदाहरणं देताना अर्धी गोष्ट सांगू नये, एवढंच.

मंडळाच्या कामाची अट म्हणजे गणपतीत खुर्च्या लावायला तीन मुलं हवीत, असं सरळ म्हणा.

---

प्रेषक: यंदाची एक विद्यार्थिनी, अर्बाना
विषय: हिशेब (आणि थोडं जास्त)

सर्व काका-मावशींना नमस्कार.

'वर्षाअखेर चार ओळी पाठव' असं सांगितलं होतं. वाद वाचला, म्हणून आत्ताच पाठवतेय. हिशेब सोपा आहे. एफ-ई परीक्षेची (इंजिनिअरच्या परवान्याच्या पहिल्या पायरीची) फी, स्टीलचं मॅन्युअल आणि दोन महिन्यांचं भाडं, तेही पूर्ण नाही.

कर्जाबद्दल: एक कर्ज आधीच आहे, बाबांची जमीन त्याला तारण आहे. दुसरं बिनव्याजी असलं तरी रात्री मोजताना ते पहिल्याच्याच रांगेत बसेल. आमच्याकडे आरए-टीए (संशोधनात किंवा शिकवण्यात मदतीचं पगारी काम) आधी पीएच.डी.वाल्यांना मिळतं, एम.एस.वाल्यांपर्यंत क्वचित पोचतं. कॉम्प्युटरवाल्यांना देऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही. माझी रूममेट तीच आहे आणि यंदा ती माझ्यापेक्षा जास्त धास्तावली आहे.

आता थोडं जास्त. डायनॅमिक्सच्या वर्गात गृहपाठ आला. भूकंपाची एक खरी नोंद निवडायची आणि न्यूमार्कच्या पद्धतीने इमारत किती हलते ते काढायचं. (न्यूमार्क इथलेच, पद्धत १९५९ ची. आमची प्रयोगशाळाही त्यांच्या नावाची, क्रेन वगैरे असलेली, एखाद्या साखर कारखान्यासारखी.) नोंदींच्या यादीत सगळ्यात वर कॅलिफोर्नियातला एल सेंट्रो, १९४०. खाली सरकत गेले तर 'कोयना, ११ डिसेंबर १९६७'.

मी पाटण तालुक्यातली. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल विचारलं तर 'भूकंपाच्या आधी चार वर्षं' असं उत्तर येतं. आजीच्या तोंडून ती पहाट मी इतक्यांदा ऐकली आहे की मला ती पाठ आहे. चार वाजून गेलेले, घराची दगडमातीची भिंत पडली ती बाहेरच्या अंगाला, म्हणून माणसं वाचली. शेजारच्यांची आतल्या अंगाला पडली. पुढे कित्येक रात्री सगळं गाव डिसेंबरच्या थंडीत पेंढ्यावर झोपलं. भिंत आत पडली का बाहेर, हा आमच्या घरात इतिहास आहे. इथे त्याला 'आउट ऑफ प्लेन फेल्युअर' म्हणतात आणि त्यावर अख्खा एक तास होतो.

फाइल उघडली तर आकड्यांचे नुसते दोन रकाने, वेळ आणि त्वरण. जोराचं सगळं पहिल्या दहा सेकंदांत संपतं. सर्वांत मोठा आकडा ०.४९ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). आणि ही नोंद घेणारं यंत्र होतं खुद्द धरणाच्या पोटात, गॅलरीत. धरणाचं डिझाइन करताना भूकंपाचा आडवा भार धरला होता वजनाच्या ०.०५ पट. मी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून वर्गात दाखवले, तर सरांनी लगेच थांबवलं. एक क्षणभराचं त्वरण आहे, दुसरा डिझाइनचा गुणांक, दोघांना एका तराजूत घालू नकोस. मग विचारलं, तडे कुठे गेले ते सांग.

तडे गेले माथ्यापासून साधारण ३६ मीटर खाली. धरण १०३ मीटर उंच, आणि तिथेच त्याच्या खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो. का बदलतो, तर धरण आधी दोन टप्प्यांत बांधायचं ठरलं होतं, आणि काम चालू असताना एकाच टप्प्यात पूर्ण उंचीला न्यायचा निर्णय झाला. म्हणून तो वेगळाच आकार. हादऱ्यात ताण नेमका त्या बाकावर एकवटला. धरण फुटलं नाही, पुढे त्याला मागून काँक्रीटचे टेकू दिले. बर्कलीच्या अनिल चोप्रांनी एका सहकाऱ्याबरोबर १९७३ मध्ये यावर निबंध लिहिला आणि तेव्हापासून जगभरची मुलं कोयनेवर हात साफ करतायत. नव्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची तरी आमचंच धरण घेतात.

मी गृहपाठाला कोयनाच घेतली. आजीला फोनवर सांगितलं की तो भूकंप माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. ती म्हणाली, मग बंद करून ठेव.

---

प्रेषक: नेपरव्हिलचे काका (पूलवाले)
विषय: उत्तर: हिशेब (आणि थोडं जास्त)

पाटणच्या मुली, पत्र दोनदा वाचलं.

तुला आणि या लिस्टवरच्या बऱ्याच जणांना एक गोष्ट माहीत नसेल. कोयनेनंतर चारच दिवसांनी, १५ डिसेंबर १९६७ ला, इथे वेस्ट व्हर्जिनियात ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. ४६ माणसं गेली. १९२८ चा पूल, दोराऐवजी पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला. त्यातल्या एका पट्टीच्या डोळ्याला, म्हणजे टोकाच्या भोकाला, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर होती. साखळीच्या प्रत्येक दुव्यात फक्त दोन पट्ट्या. एक तुटली की दुसरीने एकटीने काय काय धरायचं? त्यानंतर १९७१ मध्ये देशभरासाठी पूल तपासणीचे नियम आले आणि सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची झाली. ज्यांच्या नावाने तुला हे पैसे मिळाले, त्यांची नोकरी म्हणजे हीच तपासणी. टॉर्च आणि हातोडी घेऊन पुलाखाली लोंबकळायचं आणि गंज खरवडून चीर शोधायची. मी त्यांच्या हाताखाली दोन उन्हाळे काढलेत. कबुतरांबद्दल ते जे बोलायचे ते इथे लिहिता येत नाही.

त्यामुळे माझं मत: अट सैल करू नका. कॉम्प्युटरच्या मुलांसाठी वेगळा निधी काढा, पहिले पाचशे माझे. आणि कर्ज-बिर्ज नको. चेक द्या आणि विसरा.

आता तिघांसाठी कामाचं. इलिनॉयने स्ट्रक्चरल इंजिनिअरचा वेगळा परवाना १९१५ पासून ठेवला आहे, देशात सगळ्यात आधी. इथे इमारतीच्या नकाशावर सही करायची तर पी.ई. (साधा इंजिनिअरचा परवाना) पुरत नाही, एस.ई. (हा स्ट्रक्चरलचा) लागतं. माझ्या वेळी परीक्षा दोन दिवस, सोळा तास. पहिल्या दिवशी उभे भार, दुसऱ्या दिवशी आडवे, म्हणजे वारा आणि भूकंप. मी तिसऱ्या खेपेला पास झालो. दोन्ही वेळा भूकंपानेच गेलो होतो, तेव्हा तुझ्या आजीचं ऐकू नकोस, ती फाइल उघडी ठेव. आता परीक्षा कॉम्प्युटरवर असते पण सोपी झालेली नाही.

येत्या शनिवारी तिघांना डाउनटाउनमध्ये फिरवायचा विचार आहे. इथल्या गगनचुंबी इमारतींचे इंजिनिअर फझलुर रहमान खान याच अर्बानात १९५२ मध्ये ढाक्याहून आले, फुलब्राइट आणि पाकिस्तान सरकारची अशा दोन शिष्यवृत्त्यांवर. तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि एक पीएच.डी. करून मोकळे. हॅनकॉक टॉवरला त्यांनी बाहेरून पोलादाच्या तिरप्या फुल्या मारल्या, म्हणून एम्पायर स्टेटला चौरस मीटरमागे २०६ किलो पोलाद लागलं तिथे यांचं १४५ मध्ये भागलं. सिअर्स टॉवर (मी विलिस म्हणणार नाही) म्हणजे नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधलेल्या. पन्नासाव्या मजल्यावर दोन थांबतात, सहासष्टाव्यावर आणखी दोन, नव्वदाव्यावर तीन, वर जातात फक्त दोन. कराडकडच्यांना समजावणं सोपं आहे: उसाची मोळी. एक कांडं वाऱ्याने लवतं, मोळी लवत नाही.

१९७१ मध्ये याच माणसाने इथे शिकागोत बांगलादेशासाठी मदत संस्था उभी केली होती. एवढा व्याप सांभाळून. आपल्याला हॉल ठरवायला चार महिने लागतात.

---

प्रेषक: शॉमबर्गचे एक सभासद
विषय: उत्तर: उत्तर: हिशेब

कर्जाची सूचना मागे घेतो. कॉम्प्युटर निधीला माझेही पाचशे लिहा. हॉलबद्दलचा टोमणा मला होता का?

---

प्रेषक: खजिनदार
विषय: शनिवार

मतं मिळाली, ठराव सभेत मांडतो. शनिवारी सकाळी ११ वाजता जॅक्सन आणि फ्रँकलिनच्या कोपऱ्यावर जमायचं. तिथे रस्त्याच्या पाटीवर खानांचं नाव आहे, चुकणार नाही. गाडी आणू नका, पार्किंगच्या पैशात एक शिष्यवृत्ती निघेल. अर्बानाच्या दोघांचं बसचं तिकीट मंडळाकडून. पावत्या ठेवा.

---

प्रेषक: यंदाचा एक विद्यार्थी, आयआयटी
विषय: उत्तर: शनिवार

मी ग्रीन लाइनने येतो. हिशेब पाठवायचा राहिला आहे, सोमवारी पाठवतो. जेवण आहे का?