मदत हवी आहे : पॅरॅमीटरची नावे एकसारखी केल्यापासून ग्रिडसर्चसीव्ही चालत नाही

अर्धविराम : आमच्या मशीन लर्निंगच्या प्रकल्पात लर्निंग रेटला (मॉडेल शिकण्याचा वेग ठरवणाऱ्या मूल्याला) एका फाइलीत ‘एलआर’, दुसरीत ‘ईटा’ आणि तिसरीत ‘लर्निंग_रेट’ म्हटले आहे. मी सर्वत्र ‘लर्निंग_रेट’ हे एकच नाव ठरवले; मात्र जुन्या स्क्रिप्ट बंद पडू नयेत म्हणून कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारे फंक्शन) बाहेरून जी नावे घेतो, त्यांना हात लावला नाही. तेव्हापासून ग्रिडसर्चसीव्ही (पॅरॅमीटरची वेगवेगळी मूल्ये तपासून उत्तम मूल्य शोधणारे सायकिट-लर्न लायब्ररीतील साधन) चालत नाही. सोमवारी कोड दुसऱ्या गटाकडे सोपवायचा आहे, तरी कृपया लवकर सांगावे.

दुर्बीण : ‘चालत नाही’ म्हणजे नेमके काय होते? एररचा संदेश दिलेला नाही, आणि क्लास तुमचा स्वतःचा आहे की लायब्ररीतला, तेही लिहिलेले नाही.

अर्धविराम : क्लास अर्थातच आमचा आहे, सायकिट-लर्नच्या बेसएस्टिमेटर या पायाभूत क्लासवर बेतलेला. ‘एलआर’ हे अॅट्रिब्यूट (ऑब्जेक्टवर साठवलेले मूल्य) सापडत नाही, असा एरर येतो. पण त्या नावाचे अॅट्रिब्यूट आता क्लासमध्ये कुठेही उरलेले नाही.

टेन्सरवाला : पायटॉर्च या दुसऱ्या लायब्ररीमध्येही असेच होते. लेयरचे नाव बदलले की स्टेट_डिक्टमधील (मॉडेलची वेट्स, म्हणजे शिकलेली मूल्ये, नावानिशी ठेवणाऱ्या यादीतील) कीज जुळत नाहीत आणि जुनी वेट्स लोड होत नाहीत. लोड करण्यापूर्वी कीजची नावे बदलून घ्यावीत.

दुर्बीण : पायटॉर्चचा येथे काही संबंध दिसत नाही. सायकिट-लर्नचे गेट_पॅरॅम्स हे फंक्शन कन्स्ट्रक्टरच्या सिग्नेचरमधील (कंसात दिलेल्या पॅरॅमीटरच्या यादीतील) नावे वाचते आणि त्याच नावांची अॅट्रिब्यूट्स ऑब्जेक्टवर शोधते. तुमच्या सिग्नेचरमध्ये ‘एलआर’ आहे आणि आत ‘सेल्फ.लर्निंग_रेट = एलआर’ असे लिहिलेले असणार. ही दोन्ही नावे तंतोतंत एकच हवीत.

एकघाव : एवढा खटाटोप कशाला? कोणत्याही नावाचे पॅरॅमीटर स्वीकारणारे दोन तारांकित ‘केडब्ल्यूआर्ग्स’ ठेवावे आणि जुने नाव आले तर आतल्या आत बदलून घ्यावे. आम्ही सर्वत्र हेच करतो.

दुर्बीण : तसे मुळीच करू नये. गेट_पॅरॅम्स ‘केडब्ल्यूआर्ग्स’ गाळून टाकते, त्यामुळे मूल्य केवळ तेथेच राहिले, तर सर्चने बनवलेल्या क्लोनला, म्हणजे मॉडेलच्या प्रतीला, ते मिळतच नाही आणि एररही येत नाही. सर्च निमूटपणे डीफॉल्ट मूल्यावर चालत राहतो. त्यापेक्षा ‘लर्निंग_रेट’ हे मुख्य पॅरॅमीटर करावे, ‘एलआर’ची डीफॉल्ट किंमत ‘डेप्रिकेटेड’ (वापर बंद होत आहे) ही स्ट्रिंग ठेवावी, दोन्ही जशीच्या तशी सेल्फवर साठवावीत आणि कोणते वापरायचे याचा निर्णय, सूचनेसह, मॉडेलला शिकवणाऱ्या ‘फिट’मध्ये घ्यावा. सायकिट-लर्नने 1.2 या आवृत्तीमध्ये ‘बेस_एस्टिमेटर’ या पॅरॅमीटरचे नाव ‘एस्टिमेटर’ केले, तेव्हा जुने नाव असेच सांभाळले आणि 1.4 मध्ये काढून टाकले.

एकघाव : अंतर्गत प्रकल्पात दोन आवृत्त्या थांबायला वेळ कोणाला आहे? मग एकाच दिवशी सगळीकडे बदलून मोकळे व्हावे.

कोपरा : त्याआधी एक विचारतो : ‘ईटा’ कोठून आला? एक्सजीबूस्ट या, अनेक डिसिजन ट्री जोडून मॉडेल बनवणाऱ्या लायब्ररीमधील असेल, तर ‘लर्निंग_रेट’ हे तेथे त्याचेच दुसरे नाव आहे. परंतु ते प्रत्येक नव्या ट्रीचे योगदान कमी करणारे प्रमाण आहे, ग्रेडियंट डिसेंटची (चूक पावलापावलाने कमी करण्याच्या पद्धतीची) स्टेप साइझ नव्हे. दोन्ही मूल्ये कॉन्फिगमध्ये एकाच ओळीवर आणली, तर एकासाठी केलेले ट्यूनिंग दुसऱ्याला बिघडवील. रिज रिग्रेशनचा ‘अल्फा’ आणि लॉजिस्टिक रिग्रेशनचा ‘सी’ यांचेही तसेच आहे : पहिला वाढवला की रेग्युलरायझेशन (मॉडेलवरील लगाम) वाढते, दुसरा वाढवला की कमी होते.

अर्धविराम : ‘ईटा’ एक्सजीबूस्टचाच आहे, तो वेगळाच ठेवतो. दुर्बीण यांच्या पद्धतीने सर्च सुरू झाला, आभार. मात्र जॉबलिबने (ऑब्जेक्ट फाइलीत साठवणाऱ्या लायब्ररीने) साठवलेले जुने मॉडेल प्रेडिक्ट करते, पण प्रिंट करायला गेल्यावर पुन्हा अॅट्रिब्यूटचा एरर येतो.

दुर्बीण : साठवलेली मॉडेल्स आहेत, हे आधी सांगायला हवे होते. लोड होताना कन्स्ट्रक्टर चालत नाही, जुनी अॅट्रिब्यूट्स तशीच परत येतात. प्रिंट मात्र गेट_पॅरॅम्सला विचारते. क्लासमध्ये ‘__सेटस्टेट__’ हे, लोड होताना चालणारे फंक्शन लिहून तेथे ‘एलआर’चे मूल्य ‘लर्निंग_रेट’मध्ये घ्यावे, ‘एलआर’मध्ये ‘डेप्रिकेटेड’ ठेवावे आणि मग मूळ क्लासच्या ‘__सेटस्टेट__’ला बोलवावे.