अनुभव धागा : फिजिक्स करून हाती काय लागलं? (नागपूरकरांनी लिहा)

इतवारीचा बाप
लेकीचा बारावीचा निकाल लागला. ती म्हणते बीएस्सीला फिजिक्सच घेणार. घरात दोन तट पडलेत. तिच्या मामाचं म्हणणं, खासगी इंजिनिअरिंगला वर्षाला लाखाच्या वर जातात, पण पोरगी कुठंतरी चिकटते. फिजिक्सवाल्याच्या नशिबी शेवटी ट्युशनच. अनुदानित कॉलेजची फी मी पाहून आलो. तेवढ्याचा माझ्या दुकानात चहा होतो. मग खर्च आहे तरी कुठे? ज्यांनी केलं त्यांनी पैसे आणि वर्षं दोन्ही लिहा. ‘आवड असेल तर करा’ असं कृपया लिहू नका, ते मामाला दाखवता येत नाही.

बर्डीवरचा
दादा, फी विसरा, वर्षं मोजा. पाच वर्षांची फी, पुस्तकं, धरमपेठेतली कॉट बेसिसची खोली, सगळं मिळून पावणेदोन लाखांच्या आत बसलं. 2009 ला एमएस्सी, 2012 ला सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा. मग आठ वर्षं सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व. तास घेतला तर पैसे. दिवाळी, परीक्षा, उन्हाळा, सगळं कोरडं. बिलं चार-चार महिने अडकायची. एकदा दसऱ्याच्या आधीच्या तासांचे पैसे फेब्रुवारीत हातात आले. लग्नाच्या बोलणीत मात्र ‘मुलगा प्राध्यापक’. कायम जागा निघाली तेव्हा संस्थेतल्या एकाने आकडा सांगितला. बाबांची तीन एकर विकूनही तो गाठला नसता. तोवर माझ्या वर्गातला, दहावीनंतर डिप्लोमाला गेलेला मित्र बुटीबोरीत शिफ्ट इन्चार्ज होऊन घराचे अर्धे हप्ते फेडून बसला होता.

आता नीटच्या क्लासमध्ये शिकवतो. पैसा बरा आहे, प्रोजेक्टाइल तीन तासांत संपवायचं असतं. कॉलेजातली ती काळे पडदे लावलेली खोली आठवते, सोडियमच्या दिव्याखाली न्यूटनच्या रिंगा मोजता मोजता दुपार सरायची. त्याचे कोणी पैसे देत नाही, हेही मामाला सांगा.

तर्रीपोहे
माह्यं सोपं हाये. बीएस्सी केली, फिजिक्स कधी डोक्यात शिरलं नाही, बँकेची परीक्षा देल्ली, लागलो. कोणतीही डिग्री चालली असती. काऊन एवढा विचार करून राहिले भाऊ?

टॉवरवाला
मी भंडाऱ्याचा. एक वाट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही: विमानतळ प्राधिकरणात एटीसीची, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणारी, ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची जागा. इंजिनिअर चालतात, तशी फिजिक्स-मॅथ्सची तीन वर्षांची बीएस्सीही चालते. एमएस्सी लागत नाही. खुल्या गटाला वयाची अट 27. मूळ वेतन 40,000 पासून, भत्ते वेगळे. लेखीनंतर आवाजाची चाचणी असते, तिथे बोलणं अडखळून चालत नाही. मला तिसऱ्या खेपेला लागलं. मधली दोन वर्षं लायब्ररी आणि मेस, तोच खर्च. जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही, म्हणून हातात दुसरं काहीतरी ठेवा.

लिनॅकवाली
मी मेडिकल फिजिसिस्ट. लिनॅक म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडणारं मशीन, त्याचा डोस मी बघते. घरी अजून ‘एक्स-रे काढते’ असंच सांगतात.

एमएस्सीनंतर बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा केला. एमएस्सीला 60 टक्के लागतात, शिवाय प्रवेश परीक्षा. पुढे एक वर्ष हॉस्पिटलात इंटर्नशिप. खरा पगार 25 व्या वर्षी सुरू झाला. माझी इंजिनिअर चुलत बहीण 22 व्या वर्षी कमवायला लागली होती, म्हणजे तीन वर्षं मी मागे. तेवढी वर्षं बाबांनी हू की चू न करता काढली, तीच माझी खरी फी.

काम असं: डॉक्टर लिहितात 60 ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), 30 बैठकांत. म्हणजे रोज 2 ग्रे. ते गाठीवर पडावेत आणि शेजारच्या मज्जारज्जूपर्यंत कमीत कमी जावेत, ही आखणी माझी. सकाळी पेशंट यायच्या आत मशीनचा डोस मोजून पाहायचा. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर बाहेर कितीही रांग असो, मशीन सुरू करायचं नाही. बीएस्सीला जे इन्व्हर्स स्क्वेअर (अंतर दुप्पट, तर किरणं चौथाई) मी पाठ करून मोकळी झाले होते, ते आता रोज लागतं. जागा मोजक्याच आहेत, पण शिकलेली माणसंही मोजकीच. बर्डीवरचे दादा, तुमच्या काळात हे कोणी सांगितलं होतं का?

बर्डीवरचा
नाही ताई. सेट-नेटच्या पलीकडे कोणी बोललंच नाही.

इतवारीचा बाप
मामाने वाचलं. आकड्यांवर गप्प बसले, सीएचबीवर मात्र मान हलवली. लेकीचा प्रश्न एकच: लिनॅकवाल्या ताई, ते मशीन बघायला आत येऊ देतात का?

लिनॅकवाली
बंद असताना हरकत नसते, पण हॉस्पिटलची परवानगी लागते. सोमवारी विचारून सांगते. आणि तिला सांगा, येताना वही आणायची.