चवथीआधीची चाचणी

(२०२१, कोविडचा काळ. सोसायटीच्या संदेशगटावरील संवाद, नावांऐवजी घरांचे क्रमांक.)

ए-३०२: नमस्कार. आईला ताप आला त्या दिवशी घरच्या कोविड किटवर फक्त ‘सी’ची रेघ उमटली, म्हणजे निगेटिव्ह, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो, तिसऱ्या दिवशी आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली, सीटी १८. आता बावीस दिवसांनी, ताप-खोकला काहीही नसताना, पुन्हा तपासणी केली तर परत पॉझिटिव्ह, सीटी ३४. १० सप्टेंबरला चवथ (गणेश चतुर्थी) आहे आणि आईला फोंड्याच्या घरी जायचे आहे. कोणता अहवाल खरा मानावा?

बी-१०४: ताई, तिन्ही खरे असू शकतात. किट विषाणूचे प्रथिन जसे आहे तसे शोधते, त्यामुळे ते नमुन्यात भरपूर असेल तरच पॉझिटिव्हची ‘टी’ रेघ दिसते. आरटी-पीसीआरमध्ये मात्र विषाणूच्या आरएनएपासून आधी डीएनए तयार करतात, मग प्रत्येक आवर्तनात त्याच्या प्रती साधारण दुप्पट होत जातात आणि कितव्या आवर्तनाला त्या यंत्राला दिसू लागल्या तो आकडा म्हणजे सीटी. १८ आणि ३४ यांत १६ आवर्तनांचे अंतर आहे. दोनाचा सोळावा घात ६५,५३६ येतो. नमुना कसा घेतला यावर आकडा हलतो, म्हणून हे काटेकोर माप समजू नये, पण आईंच्या दुसऱ्या नमुन्यात आरएनए नावापुरताच होता, एवढे नक्की. तो बहुधा मेलेल्या विषाणूचे तुकडे असावा. गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरवल्यावरही सुतळीचे तुकडे लोंबकळत राहतात, त्यावरून चवथ चालू आहे असे कोणी म्हणत नाही. एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर पुन्हा करू नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे २०२१ मध्येच सांगितले होते.

सी-२०१: सर, मी कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतले, तरी अँटीबॉडी तपासणी निगेटिव्ह आली. मग लस म्हणून पाणीच टोचले म्हणायचे का?

बी-१०४: अहवालात कोणत्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधल्या आहेत, ते आधी वाचा.

सी-२०१: ‘न्यूक्लिओकॅप्सिड’ असे लिहिले आहे.

बी-१०४: मग निगेटिव्हच येणार. कोविशिल्डमध्ये चिंपांझीच्या, शरीरात वाढू न शकणाऱ्या अडेनोव्हायरसमधून फक्त काटेरी, म्हणजे स्पाइक प्रथिनाचा आराखडा पेशींपर्यंत पोहोचवला जातो. न्यूक्लिओकॅप्सिड हे विषाणूच्या आतले प्रथिन, ते त्यात नसतेच. कोव्हॅक्सिन म्हणजे अख्खा विषाणू निष्क्रिय करून केलेली लस असल्याने तिच्यानंतर ही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्या निगेटिव्ह अहवालावरून लस लागू पडली की नाही, हे मुळीच कळत नाही.

सचिव: ए-३०२च्या दारावरील विलगीकरणाची सूचना आज काढत आहोत. लिफ्टमध्ये मास्क मात्र सर्वांनी लावावा, लस घेतलेल्यांनीही.

ए-३०२: आभारी आहे, सर. एक गोष्ट सांगायची राहिली. किट वापरताना आईला शिंका येत होत्या, म्हणून मी काडी नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवून बाहेर काढली होती.

बी-१०४: हे आधी सांगितले असते, तर माझे निम्मे टंकन वाचले असते.