राउटर बदलला आणि प्रिंटरने अबोला धरला

शाईपुसणी:
मंडळी, चार वर्षं निमूट छापणारा प्रिंटर रविवारपासून रुसलाय. त्या दिवशी राउटर बदलला, एवढंच निमित्त. वायफायचं नाव-पासवर्ड मुद्दाम जुनेच ठेवले. फोन, लॅपटॉप आपापले जोडले गेले, प्रिंटरचा निळा दिवा मात्र नुसता लुकलुकतोय. त्याचा पडदा दोन ओळींचा. बाणाची बटणं दाबत, एकेक अक्षर हुडकत सतरा अक्षरी पासवर्ड तीनदा भरला. अंगठा दुखायला लागला. राउटरला खेटून ठेवला तरी ढिम्म. यूएसबी केबल लावली की मात्र झकास छापतो. लॅपटॉपमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून परत टाकू का?

जुनाखिळा:
ड्रायव्हरला हात लावू नका, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. प्रिंटर राउटरपर्यंतच पोचत नाहीये, लॅपटॉपचा प्रश्न पुढचा. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचा रिपोर्ट छापा. आयपी अ‍ॅड्रेस 0.0.0.0 किंवा 169.254 ने सुरू होणारा असेल, तर राउटरने त्याला अ‍ॅड्रेस दिलेलाच नाही.
मग राउटरच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा. वायफायचे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात; घरगुती जुने प्रिंटर बहुतेक फक्त 2.4 ओळखतात. बरेच नवे राउटर 2.4 आणि 5 दोन्हींना एकच नाव देतात, तिथे काही प्रिंटर गोंधळतात. 2.4 ला वेगळं नाव द्या. आणि सिक्युरिटी, म्हणजे वायफायचं कुलूप, नव्या प्रकारचं डब्ल्यूपीए3 असेल तर जुनं डब्ल्यूपीए2 करा. नाव-पासवर्ड तेच असले तरी कुलूप बदललंय, म्हणून पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो.

बटणदाब्या:
एवढा खटाटोप कशाला? दोन्हीकडचं डब्ल्यूपीएस बटण दोन मिनिटांच्या आत दाबा, पासवर्ड लागतच नाही.

जुनाखिळा:
नुसतं डब्ल्यूपीए3 असेल तर डब्ल्यूपीएस चालतच नाही. आधी ते बदलू द्या.

शाईपुसणी:
रिपोर्टवर 0.0.0.0 आणि राउटरवर नुसतं डब्ल्यूपीए3! पण मी जरा शहाणपणा केला. मुख्य वायफायला धक्का नको म्हणून गेस्ट नेटवर्क 2.4 वर, डब्ल्यूपीए2 लावून सुरू केलं. निळा दिवा स्थिर झाला! लॅपटॉपला मात्र प्रिंटर दिसेना.

जुनाखिळा:
दिसणार कसा? गेस्टवरच्या उपकरणांना घरच्यांपासून वेगळं ठेवणं हेच तर त्याचं काम. मुख्य नेटवर्कवरच या.

शाईपुसणी:
आलो. मुख्य 2.4 ला वेगळं नाव, डब्ल्यूपीए2, चौथ्यांदा सतरा अक्षरं. दिवा स्थिर. तरी लॅपटॉप 'ऑफलाइन'च म्हणतोय.

जुनाखिळा:
विंडोज ना? प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' बघा. तिथे जुन्या राउटरने दिलेला अ‍ॅड्रेस असेल. नवा टीसीपी/आयपी पोर्ट जोडून रिपोर्टवरचा ताजा अ‍ॅड्रेस टाका. राउटरमध्ये तोच अ‍ॅड्रेस प्रिंटरसाठी राखून ठेवा, नाहीतर कधीतरी तो बदलेल आणि पुन्हा हेच रामायण.

शाईपुसणी:
तसंच होतं! पोर्टमध्ये 192.168.1.7, रिपोर्टवर 192.168.0.12. बदलून 'ओके' केलं आणि प्रिंटर घरघरला. रविवारपासून मी वैतागून जितक्यांदा प्रिंट दाबलं होतं, ते सगळं रांगेत साठलेलं. एकाच अर्जाच्या अकरा प्रती झाल्यात, आणि बारावी अर्ध्यावर असताना ट्रेमधला कागद संपला.