शब्दचर्चा : हिरमोड, भ्रमनिरास की रसभंग?

धागाकर्ती : 'ॲना अँड द अपोकॅलिप्स' (2017) एकदाचा पाहिला. स्कॉटलंडमधलं गाव, नाताळ, शाळकरी पोरं, झॉम्बी (माणसांचे लचके तोडणारी चालती-फिरती प्रेतं) आणि वर गाणी. सुरुवात फक्कड. ॲना कानात हेडफोन खुपसून गात-नाचत घराबाहेर पडते आणि मागे गावभर लचके तोडणं चाललंय याचा तिला पत्ताच नाही! पुढे सी-सॉच्या दणक्याने स्नोमॅनच्या वेशातल्या झॉम्बीचं मुंडकं उडतं. तिथवर मी खूश. नंतर मात्र सगळं विस्कटत गेलं. बहीण म्हणते, भ्रमनिरास. मला हिरमोड जवळचा वाटतो. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद १ : भ्रमनिरास नको. त्यात निराशा नाही, 'निरास' आहे, म्हणजे दूर करणं. शंकानिरास तसाच भ्रमनिरास. भ्रम गेला तर खरं म्हणजे बरंच झालं की! ('भ्रमनिराशा' असंही लिहिलेलं दिसतं, त्याबद्दल न बोललेलं बरं.) शिवाय नावातच 'अपोकॅलिप्स' म्हणजे प्रलय आहे, तेव्हा सिनेमाने कुणाला भ्रमात ठेवलं? अपेक्षाभंग चालेल, पण तो कोरडा, अहवालातला शब्द. हिरमोड व्हायला आधी उत्साह लागतो. पावसाने सहल रद्द झाली की पोरांचा होतो तो हिरमोड. तुम्हाला सुरुवात आवडली होती, म्हणजे तुमचा शब्द बरोबर.

प्रतिसाद २ : हिरमोड प्रेक्षकाचा. सिनेमात जे बिघडलं त्याला 'रसभंग' म्हणा. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पण' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात हास्याचे विरोधी रस दोन सांगितलेत, भयानक आणि करुण. या सिनेमाला तिन्ही हवेत! उत्तरार्धात ॲनाच्या जवळची माणसं एकेक करून जातात, आणि तिकडे मुख्याध्यापक सॅव्हेज व्यंगचित्रातल्या खलनायकासारखा गात सुटतो. ना धड रडू येत, ना हसू. गाणं मध्ये आलं म्हणून आपला रसभंग होत नसतो. 'एकच प्याला'तली सिंधू हलाखीतही गाते आणि प्रेक्षक गलबलतो, कारण पद त्याच दुःखातून आलेलं असतं. हेडफोनच्या प्रसंगात तेच साधलंय. तिचं बेसावध असणं हाच विनोद, आणि भीतीही त्यातच. पुढे नुसती आळीपाळी होते. आता गाणं, आता मारामारी, आता अश्रू.

एक मात्र आहे. मूळ कल्पना रायन मॅकहेन्रीची, त्याच्या 'झॉम्बी म्युझिकल' या लघुपटातली. तो 2015 मध्ये गेला आणि सिनेमा जॉन मॅकफेलने केला. त्यामुळे फार झोडपायला मन होत नाही.

धागाकर्ती : रसभंग पटला. म्हणजे सिनेमाने रसभंग केला आणि माझा हिरमोड झाला. मग या प्रकाराला म्हणायचं काय? धेडगुजरी?

प्रतिसाद १ : तो शब्द मी वापरत नाही. त्यात एका जातीचं नाव हिणवायला वापरलंय. खिचडी म्हणा.

प्रतिसाद ३ : खिचडीने काय घोडं मारलंय? आणि कडबोळंही नको. राजकीय आघाड्यांना नावं ठेवायला वापरून वापरून त्या शब्दाची पार रया गेली. एरवी कडबोळ्याच्या भाजणीत तांदूळ, डाळी, धणे-जिरं सगळं भाजून एकत्र दळतात, कुठला घास कशाचा ते वेगळं काढता येत नाही. हेडफोनवालं गाणं तसं आहे, अख्खा सिनेमा नाही. त्याला साधं 'सरमिसळ' म्हणा, त्या शब्दात ना कौतुक आहे ना टोमणा.